रंगानंतर पुन्हा उमटणारे सांधे : बाल्सा मॉडेल विमानाच्या पट्ट्या, पुट्टी आणि रंग यांविषयी

बाल्साच्या पट्ट्या चढवून तयार केलेले विमानाचे धड रंगाच्या दिवशी अंड्याच्या कवचासारखे गुळगुळीत दिसते. दोन-तीन आठवड्यांनी तेच धड तिरप्या उन्हात धरले, की पट्टीपट्टीचा सांधा शिवणीसारखा उमटलेला असतो आणि आतल्या फॉर्मरच्या (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींच्या) जागी बरगड्या वर आल्यासारख्या दिसतात. मग पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. आणि महिन्याभरात शिवणी परत हजर होतात. अशा वेळी बहुतेक जण रंगाचा डबा बदलतात किंवा प्रायमरचे हात वाढवतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की या तक्रारीत रंगाचा दोष क्वचितच असतो. चकचकीत रंग केसाएवढा चढउतारही उघड करतो, एवढेच. खरा दोष रंगाच्या खाली असतो, आणि तो बहुधा लाकूड अजून ओले असताना ते घासल्यामुळे निर्माण झालेला असतो.

आधी खूण नीट वाचावी

उपाय करण्यापूर्वी उमटलेली रेघ वर आली आहे की खाली गेली आहे, हे ठरवणे आवश्यक आहे, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीवर केला तर काम बिघडते. खोलीतले इतर दिवे बंद करून एकच दिवा धडाच्या जवळजवळ समांतर धरावा आणि नखाचे टोक सांध्यावरून आडवे हलकेच ओढावे. नख अडखळून वर चढत असेल तर तो उंचवटा आहे; नख क्षणभर खाली उतरत असेल तर ती खाच आहे. डोळ्यांवर विसंबू नये. दिव्याची बाजू लक्षात घेतली नाही तर खाच उंचवट्यासारखी आणि उंचवटा खाचेसारखा सहज दिसतो. तिसरी खूण सांध्याची नसून दोन फॉर्मरच्या मधल्या भागाची असते : तिथे कवच (पट्ट्यांचे आवरण) आत बसलेले असते आणि फॉर्मरवर ते कडेसारखे उभे राहते. ही खूण नखाला कळत नाही. स्टीलची पातळ पट्टी धडाच्या लांबीवर वाकवून टेकवली, की तिच्याखालून दिसणारी उजेडाची फट मात्र लगेच सांगते.

लाकूड नेमके किती हलते

बाल्सा हलका असला तरी तो लाकूडच आहे. हवा दमट झाली की फुगतो, कोरडी झाली की आकसतो. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत तो वाढवलयांना समांतर दिशेने सुमारे ७.६ टक्के आणि खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे ३ टक्के आकसतो. लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत होणारा फरक नगण्य असतो. लाकडातील पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरले की ही हालचाल सुरू होते, म्हणून पाण्याचे प्रमाण १ टक्क्याने बदलले की पहिल्या दिशेत अंदाजे पाव टक्का फरक पडतो असे धरायला हरकत नाही. हवेतील आर्द्रता ८० टक्के असताना लाकूड सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते आणि आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की ते ९ टक्क्यांच्या आसपास येते.

आता हा हिशेब एका धडाला लावून पाहू. घेर ३०० मिलिमीटर आहे आणि सर्व पट्ट्या घेराच्या दिशेने जास्तीत जास्त हलणाऱ्या प्रकारच्या आहेत असे समजा. दमट दिवसांत चढवलेले कवच कोरड्या दिवसांत आले, की पाण्यात ७ टक्के घट होते आणि घेर सव्वापाच मिलिमीटरने कमी होऊ पाहतो. फॉर्मरच्या जागी ते शक्य नसते, कारण फॉर्मर त्याला अडवतो. मधल्या जागेत अडवणारे काहीच नसते. तिथे त्रिज्या ०.८ मिलिमीटरपर्यंत आत ओढली जाऊ शकते. प्रत्यक्षात गोंद, स्ट्रिंगर (धडाच्या लांबीवर जाणाऱ्या आतल्या काड्या) आणि शेजारचे फॉर्मर यांमुळे आकडा यापेक्षा बराच कमी राहतो, परंतु चकचकीत रंगाखाली बरगड्या दिसण्यासाठी याच्या चौथ्या हिश्शाइतका झोळही पुरतो.

येथेच लाकडाच्या निवडीचा मुद्दा येतो. ज्या शीटच्या पृष्ठभागावर लांबलचक साध्या रेषा दिसतात आणि जी आडवी वाकवल्यावर सहज नळीसारखी वळते, तीच वळणासाठी सोयीची असते, मात्र रुंदीत तीच सर्वाधिक हलते. जिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात ती रुंदीत स्थिर असते, पण ताठ असल्यामुळे गोल धडावर वळवताना फाटते. ती रिबसाठी (पंखाच्या आतल्या आकार देणाऱ्या फळ्यांसाठी) राखून ठेवावी. म्हणजे गोल धडाला हलणारे लाकूडच वापरावे लागते आणि हालचालीचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो.

निवड करताना शीटचे वजनही करावे. मॉडेलसाठी बाल्साची घनता घनमीटरला १०० ते १६० किलो असली तर काम चांगले होते. २ मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद आणि १ मीटर लांब शीट १२० किलो घनतेची असेल तर २४ ग्रॅम भरते आणि १८० किलोची असेल तर ३६ ग्रॅम. या दोन शीटमधल्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या तर पॉलिश पेपर मऊ पट्टी खातो आणि कठीण पट्टी तशीच ठेवतो, मग कितीही काळजीने घासले तरी पायरी राहते. रंगावरून घनता कळत नाही. वजनकाट्याला पर्याय नाही.

सांध्यालगतची खाच

नखाला खाच लागत असेल, तर तीनपैकी दोन वेळा कारण सारखेच निघते. पिवळा किंवा पांढरा लाकडाचा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. तो सांध्यात भरल्यावर त्यातील पाणी दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरते आणि सांध्यालगतची एक-दोन मिलिमीटरची कड फुगून वर येते. गोंद तासाभरात हाताला घट्ट लागतो, म्हणून आपण घासायला बसतो. त्या वेळी फुगलेली कड बाकीच्या पट्टीच्या पातळीला घासली जाते, पृष्ठभाग उत्तम सपाट लागतो, आणि लाकडातील पाणी निघून गेल्यावर तीच कड शेजारच्या लाकडापेक्षा खाली जाते. फर्निचर करणाऱ्या सुतारांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. जोडलेल्या फळ्या लगेच रंधल्या तर पॉलिशनंतर सांध्यावर चर दिसतो, तो याच कारणाने.

त्यावरचा उपाय फक्त वेळ हाच आहे. सर्व पट्ट्या चढवून झाल्यावर धड हवेशीर जागी किमान ३ ते ४ दिवस ठेवावे, दमट हवेत आठवडाभर. मी धडाचे वजन रोज त्याच वेळी करून पेन्सिलने फॉर्मरच्या कडेवर लिहून ठेवतो; सलग दोन दिवस आकडा तोच राहिला की पॉलिश पेपर हातात घेतो. एका मोठ्या ग्लायडरच्या धडाचे वजन पाचव्या दिवसापर्यंत उतरत होते, आणि त्याच्या आधीचे धड मी दुसऱ्याच दिवशी घासले होते. त्या आधीच्या धडावर पुढे ३ वेळा प्रायमर द्यावा लागला आणि शेवटी तो सगळा खरवडून काढावा लागला. हेअर ड्रायरने वाळवण्याची घाई करू नये. बाहेरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि पट्ट्या वाकतात.

खाचेचे दुसरे कारण पुट्टी हे असते. हलकी पुट्टी वाळताना आकसते, आणि खोल फटीत एकाच वेळी भरली तर वरून कोरडी दिसूनही आत ओली राहते. पातळ थर देऊन, प्रत्येक थर वाळू देऊन दोनदा भरावी. खरे तर फट राहणार नाही अशा बेताने पट्टीची कड तिरपी घासून बसवणे श्रेयस्कर आहे, कारण बाल्सा पुट्टीपेक्षा कधीही चांगला घासला जातो. घासताना निघालेला बाल्साचा भुसा गोंदात कालवून फटी भरण्याची सवय अनेकांना असते. तो लेप वाळल्यावर लाकडापेक्षा कितीतरी कठीण होतो आणि मग खाचेऐवजी उंचवट्याची तक्रार सुरू होते.

सांध्यावरचा उंचवटा

उंचवट्याचे नेहमीचे कारण कठीण गोंद हे आहे. सायनोअॅक्रिलेट झटपट चिकटतो आणि म्हणून पट्ट्या चढवताना मोह पाडतो, पण तो लाकडात झिरपून काचेसारखी कडक रेघ तयार करतो. तिच्यावर पॉलिश पेपर बोटांनी धरून फिरवला, की पेपर रेघेवर घसरतो आणि दोन्ही बाजूंचा मऊ बाल्सा खातो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक चर आणि मध्ये कणा, असे चित्र दिसले तर हेच झाले आहे असे समजावे. पट्टीपट्टीमधील सांध्यांसाठी मी सायनोअॅक्रिलेट पूर्ण सोडून दिला आहे; फॉर्मरवर पट्टी धरून ठेवण्यासाठी आतल्या बाजूने एखादा थेंब एवढाच त्याचा उपयोग ठेवला आहे. कडेला पिवळा गोंद अगदी पातळ लावावा आणि बाहेर आलेला ओघळ ओला असतानाच ओलसर फडक्याने टिपून घ्यावा. पांढऱ्या गोंदापेक्षा पिवळा बरा, कारण पांढरा घासताना गरम होऊन रबरासारखा ओढला जातो आणि पेपर चोंदवतो.

दुसरे कारण कमी लोकांच्या लक्षात येते. टाचणीचे डोके, रबर बँड किंवा अंगठ्याचा दाब यांनी बाल्साचे तंतू दाबले जातात व पोचा पडतो. आपण आजूबाजूचे लाकूड पोच्याच्या तळापर्यंत घासतो आणि पृष्ठभाग सपाट झाला असे मानतो. पुढे पाण्याचा अंश असलेले सीलर किंवा प्रायमर लागले की दाबलेले तंतू पाणी पिऊन मूळ उंचीला येतात, आणि जिथे पोचा होता तिथे फुगवटा उभा राहतो. म्हणून घासण्यापूर्वी धडाकडे तिरप्या उजेडात पाहून प्रत्येक पोच्यावर ब्रशने पाण्याचा थेंब सोडावा. हे जवळून पाहण्यासारखे असते : थेंब मुरतो, लाकूड काळपट दिसते आणि पाच-दहा मिनिटांत टाचणीच्या डोक्याची गोल खूण हळूहळू वर येऊन नाहीशी होते. मगच वाळवून घासावे.

घासण्याची साधनेही येथे महत्त्वाची आहेत. बोटांनी धरलेला पेपर मऊ जागेत बुडतो. दोन फॉर्मरमधील अंतरापेक्षा लांब, सरळ लाकडी ठोकळ्यावर १५० नंबरचा पेपर चिकटवावा आणि तो सांध्याच्या रेषेत न ओढता तिरक्या दिशेने, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरवावा. धडावर पेन्सिलने हलक्या आडव्या रेघा मारून ठेवल्या तर उंच जागा आधी पुसल्या जातात आणि खोल जागी शिसे राहते. हा नकाशा मिळाल्यावर अंदाजाने काम करावे लागत नाही. पुढे २४० आणि ३२० नंबर पुरे आहेत. नाकाच्या आणि शेपटीच्या दुहेरी वळणावर मात्र ठोकळा चालत नाही, तिथे पातळ प्लायच्या लवचीक पट्टीवर पेपर चिकटवावा. बाल्साची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून हे सर्व मास्क लावूनच करावे.

बरगड्या दिसणे

दोन फॉर्मरमधील झोळाची तीन मुळे आहेत आणि ती बहुधा एकत्र सापडतात. एक म्हणजे वर हिशेबात दाखवलेले आकसणे. दुसरे म्हणजे ओल्या पट्ट्या ताणून बसवणे. पट्टी वळावी म्हणून ती गरम पाण्यात किंवा पाणी आणि अमोनियाच्या मिश्रणात भिजवतात. त्यात चूक नाही, अमोनियाने लाकूड खरोखर लवचीक होते. चूक होते ती ती ओलीच चिकटवण्यात. ओली पट्टी धडावर टाचण्यांनी आणि टेपने बसवून रात्रभर तशीच वाळू द्यावी, दुसऱ्या दिवशी उचलून तिचा आकार टिकला आहे याची खात्री करावी आणि मग गोंद लावावा.

तिसरे मूळ पट्टीच्या रुंदीत आहे. सपाट पट्टी गोल फॉर्मरवर मध्यभागी टेकते आणि तिच्या कडा गोलाच्या बाहेर राहतात. हा फरक रुंदीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागले की मिळतो. त्रिज्या ३० मिलिमीटर आणि पट्टी १० मिलिमीटर रुंद असेल तर प्रत्येक सांध्यावर सुमारे ०.४ मिलिमीटर लाकूड घासून काढावे लागते; पट्टी ६ मिलिमीटरची घेतली तर फक्त ०.१५. दीड मिलिमीटरच्या कवचातून सांध्यावर ०.४ गेले आणि वर घासण्याचा बेहिशेबीपणा झाला, तर कवच सांध्यावर पातळ होते, दाबाखाली आत-बाहेर होते आणि फॉर्मरवर टिकून राहते. म्हणून वळणाच्या भागात पट्ट्या अरुंद असाव्यात आणि कवच अपेक्षित जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त घ्यावे. पट्ट्यांची संख्या सर्व फॉर्मरवर सारखी ठेवायची असेल तर प्रत्येक फॉर्मरचा घेर कागदाच्या पट्टीने मोजून त्या संख्येने भागावा आणि त्या मापाने पट्टी शेपटीकडे निमुळती कापावी. शेपटीत ती ३ मिलिमीटरच्या खाली जात असेल तर तिथे एक पट्टी मध्येच संपवणे अधिक चांगले.

पट्ट्या नेहमी जोडीने चढवाव्यात, एक डावीकडे आणि लगेच एक उजवीकडे, नाहीतर एका बाजूचा ताण संपूर्ण धड केळ्यासारखे वाकवतो. वाकलेले धड नंतर सरळ होत नाही. शक्य असेल तर धड उभ्या दोन अर्धांत, कामाच्या फळीवर पक्के धरून बांधावे. दुसऱ्या महायुद्धातील डी हॅविलंड मॉस्किटो या विमानाचे खरे धडही असेच डाव्या-उजव्या अर्धांत साच्यावर बांधले जाई आणि मग जोडले जाई. त्याच्या भिंतीत बर्चच्या प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा होता आणि वरून कापड चढवून डोप (कापड व लाकूड बंद करणारे पातळ लॅकर) दिलेला असे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले. अर्धांच्या पद्धतीचा आपल्याला आणखी एक फायदा होतो : जोडण्यापूर्वी कवचाला आतून डोपचा पातळ हात देता येतो. बाहेरून पाच थर आणि आतून कोरे लाकूड अशी स्थिती असेल तर दमटपणा आतल्या बाजूने शिरतच राहतो.

लाकूड बंद करणे

स्थिरावलेले आणि घासलेले कवच मध्यम आर्द्रतेच्या दिवशी बंद करावे. मी ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास हे काम करतो. नायट्रेट डोप वापरायचा असेल तर तेवढेच थिनर मिसळून २ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर उभे राहिलेले तंतू ४०० नंबरने हलके कापावेत आणि मग डोपमध्ये टाल्कम पावडर कालवून रेषांची छिद्रे भरावीत. साधा डोप वाळल्यानंतरही कित्येक आठवडे आकसत राहतो आणि पातळ कवच आत ओढतो, हे बरगड्यांचे चौथे मूळच म्हणावे लागेल. म्हणून न आकसणारा डोप घ्यावा किंवा ३० मिलिलिटरला एरंडेलाचे ३-४ थेंब घालावेत. दमट दिवशी डोप पांढुरका पडला तर ते बाष्प असते. त्यावर दुसरा हात न देता कोरड्या दिवसाची वाट पाहावी. ब्युटिरेट डोप नायट्रेटवर चालतो, उलट क्रम मात्र धरत नाही. दोन्ही अत्यंत ज्वालाग्राही आहेत.

माझी पसंती चौरस मीटरला २५ ग्रॅम वजनाच्या काचेच्या कापडाला आणि पातळ इपॉक्सीला आहे. इपॉक्सीतून काही उडून जात नसल्यामुळे तो फारच कमी आकसतो, आणि कापड सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवते. इपॉक्सी ओतल्यावर जुन्या प्लॅस्टिक कार्डाने जादा भाग ओढून काढावा. कापडाची वीण स्पष्ट दिसली पाहिजे आणि चकाकी कुठेही साचलेली नसावी. कापडाच्या वजनाइतका, फार तर दुप्पट इपॉक्सी अंगात राहावा. शेपटीत राहिलेले १० ग्रॅम तोलण्यासाठी नाकात अंतराच्या प्रमाणात ३० ग्रॅम शिसे घालावे लागू शकते, तेव्हा येथे हात आखडताच ठेवावा.

रंगवून झालेल्या मॉडेलचे काय करावे

रेघा दिसू लागल्या त्याच आठवड्यात दुरुस्ती सुरू करू नये. लाकूड अजून हलत असते. रेघा वाढत नाहीत असे महिनाभर दिसले की ३२० नंबरने ठोकळ्यावर घासून रंग प्रायमरपर्यंत उतरवावा. उंचवटा असेल तर तो घासण्यातच जातो. खाच असेल तर तिच्यात रंगाचे थर साचवू नयेत. हलकी पुट्टी पातळ भरून ती वाळल्यावर घासावी आणि त्या सांध्यावर, किंवा सांधे बरेच असतील तर संपूर्ण धडावर, पातळ कापड आणि इपॉक्सी चढवावा. फॉर्मरमधील झोळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर हाच मार्ग चालतो. बोटाने दाबल्यावर कवच टकटक आत-बाहेर होत असेल तर मात्र पुट्टी तिथे तडकणारच; तेवढा भाग पट्ट्यांसह कापून, कडा तिरप्या करून, आतून बाल्साचा पातळ आधार चिकटवून नव्या पट्ट्या बसवाव्यात.

नवा रंग देण्यापूर्वी उरलेल्या लाकडाचा हाताएवढा तुकडा घेऊन त्यावर तोच गोंद, तीच पुट्टी, तेच कापड आणि तोच रंग त्याच क्रमाने द्यावा, आणि तो मॉडेलशेजारी दोन आठवडे ठेवावा. त्या तुकड्यावर रेघ उमटली, तर धड अजून प्रायमरवरच थांबलेले असते.